जानेवारीतलं दहाब: किनाऱ्यावरून डायव्हिंगला जाताय तर

जानेवारीअखेरीस मी आणि माझी मैत्रीण आठ दिवस दहाबला राहून आलो. इजिप्तच्या सिनाईत, अकाबाच्या आखातावरचं हे गाव. इथे बहुतेक ठिकाणी बोट लागत नाही. पाठीवर हवेची टाकी घ्यायची आणि चालत पाण्यात शिरायचं. मुंबईहून कैरो, तिथून शर्म अल शेख, पुढे टॅक्सीने साधारण 90 किलोमीटर. वाटेत तपासणी नाके आहेत, पासपोर्ट हाताशी ठेवा. व्हिसा निघण्याआधीच काढा.

थंडीचं आधी सांगते, कारण माझं चुकलं ते तिथेच. पाणी 22 अंश. मालवणला डायव्हिंगच्या 3 मिलिमीटर जाड रबरी सूटमध्ये मजेत डाइव्ह केले होते, म्हणून तोच घेऊन गेले. डायव्हिंगच्या पहिल्याच दिवशी, लाइटहाऊस नावाच्या डाइव्हच्या जागी, चाळिसाव्या मिनिटाला दात रेग्युलेटरवर (तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीवर) वाजायला लागले आणि टाकीतली हवाही नेहमीपेक्षा भराभर उतरली. दुसऱ्या दिवशी 7 मिलिमीटरचा सूट आणि हूड (डोक्यावरची रबरी टोपी) भाड्याने घेतलं, तेव्हा कुठे माशांकडे लक्ष गेलं. जाड सूट वर उचलतो, त्यात तांबड्या समुद्राचं पाणी जास्त खारट, त्यामुळे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं वाढवावं लागतं. मला नेहमीपेक्षा 4 किलो जास्त लागलं. पहिला डाइव्ह उथळ, वजन जमवण्यासाठीच ठेवा.

पाण्याबाहेरची थंडी त्याहून वाईट. ओल्या सूटवर उत्तरेचा वारा लागला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग कोरडं करा, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट चढवा. इथल्या बेदुईन लोकांचा बिनदुधाचा गोड चहा मिळतो, तो घ्याच. गावाच्या पश्चिमेला डोंगर आहेत. सूर्य चारच्या सुमारास त्यांच्याआड जातो आणि किनारा एकदम गारठतो. म्हणून आम्ही दिवसाला दोनच डाइव्ह केले, तेही दुपारच्या आत. तिसऱ्याचा मोह टाळलात तर आठही दिवस ताजेतवाने राहाल.

किनाऱ्यावरून उतरताना खरी कसोटी पहिल्या वीस पावलांची. जाड तळाचे बूट हवेतच. दगड शेवाळलेले असतात आणि फटीत काटेरी समुद्री साळू (सी अर्चिन) बसलेले. फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) हातात धरून, पाय न उचलता सरकवत चाला, कमरेएवढं पाणी आलं की एकमेकींच्या खांद्याला धरून फिन चढवा. बाहेर येताना लाट पाठीमागून ढकलते. एकदा मी घाईने उभी राहिले आणि टाकीसकट गुडघ्यावर आपटले. गुडघाभर पाणी येईपर्यंत पोहतच या, उभं राहू नका.

बेल्स या जागेहून ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरापर्यंतचा डाइव्ह मला सगळ्यात आवडला. खडकातल्या धुराड्यासारख्या एका अरुंद फटीतून डोकं खाली करून उतरायचं, सुमारे 27 मीटरवर बाहेर पडायचं आणि मग उजव्या हाताला प्रवाळाची भिंत ठेवून हळूहळू वर येत जायचं. डावीकडे नुसती निळाई. शेवटी प्रवाळाच्या खोगिरासारख्या उथळ भागावरून ब्लू होलमध्ये शिरतो. तिथली प्रसिद्ध कमान 50 मीटरहून खोल आहे आणि ती हौशी डायव्हरसाठी नाही. किनाऱ्यावरच्या कड्यावर तिथे जीव गमावलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. पाण्यात उतरण्याआधी त्या वाचा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दहाबहून रात्री निघून सिनाई पर्वतावर सूर्योदय बघायला जातात. तो 2285 मीटर उंच आहे. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी काही तास थांबायचा जो नियम, तोच इथे उंचीवर जातानाही. आम्ही पर्वत पहिल्याच रात्री उरकला, डायव्हिंग नंतर सुरू केलं आणि परतीच्या विमानाआधी पूर्ण 24 तास टाकी लावली नाही.

त्या शेवटच्या सकाळी फक्त स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ईल गार्डन या जागेवर तरंगत राहिलो. खालच्या वाळूतून शेकडो ईल (सापासारखे लांब मासे) गवतासारख्या डुलत होत्या. आमची सावली वरून सरकली की एकेक करून वाळूत गडप व्हायच्या, आणि सावली पुढे गेली की पुन्हा वर यायच्या.