टाल्कम पावडर आणि दोन ठोके

आठवडाभर मँचेस्टरमध्ये ऑफिस आणि शनिवारी एका बँडमध्ये कीबोर्ड, असा माझा संसार. लग्नं, वाढदिवस, मिळेल ते वाजवतो.

परवा विगनजवळच्या एका क्लबात एका आजोबांची सत्तरी होती. यादीत 'टेन्टेड लव्ह' होतं. हा माझा हुकमी एक्का! सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीचं, १९८१ चं, इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलेलं. सगळा मामला सिंथेसायझरचा. आमच्या गिटारवाल्याला त्यात चहा पिऊन यायला वेळ असतो. ते दोन 'टिंग टिंग' ठोके पडले की हॉल ओरडतोच.

ओरडलाही. पण आजोबा थेट स्टेजपाशी आले. हातात टाल्कम पावडरचा डबा. म्हणाले, "हे नको रे. ग्लोरियाचं वाजव."

कोण ग्लोरिया? ब्रेकमध्ये आजोबांनीच मोबाइलवर लावून दिलं. ग्लोरिया जोन्स, १९६५. मूळ 'टेन्टेड लव्ह' हिचं. एड कॉबने लिहिलेलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं. अमेरिकेत कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण असल्या पडेल, वेगवान सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या, रेकॉर्डी हुडकून त्यांवर रात्रभर नाचणं हा इथल्या गिरणी-खाणींच्या गावांतला धर्मच होता. आपली रेकॉर्ड दुसऱ्याला कळू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवत. विगन कॅसिनो हा असाच रात्रभर नाचायचा क्लब १९७३ ला सुरू झाला तेव्हा आजोबा एकोणीस वर्षांचे. तो बंद पडला १९८१ मध्ये, म्हणजे सॉफ्ट सेलचं गाणं गाजलं त्याच वर्षी.

ऐकताना मी जरा खजील झालो. लय केवढी चढी! पट्टीही वेगळी, आमची पांढरी पाच तर हिची पांढरी एक. पण ते दोन ठोके तिथेही होतेच. मी इतकी वर्षं ते सिंथेसायझरवाल्यांचं डोकं समजत होतो.

गायिकेने पट्टी ऐकून डोळे वटारले, तरी गायली. मी ब्रासचा आवाज लावला, ड्रमरचा शर्ट भिजला. दुसऱ्या कडव्यात मी चक्क चुकलो. कुणाचं लक्ष नव्हतं. आजोबांनी फरशीवर पावडर भुरभुरली, बूट सरकवून बघितले आणि गिरकी घेतली. मग त्यांच्या वयाचे आणखी चार-पाच जण उतरले.

गाणं संपतंय तोवर नातू हजर. त्याला हेच गाणं रॉकवाल्या मॅरिलिन मॅन्सनचं हवं होतं, २००१ चं, गिटार किंचाळणारं. गिटारवाल्याने चहाचा कप खाली ठेवला.