भीतीची तक्रार कुठे नोंदवायची

गेल्या वर्षी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझा फोन हिसकावला गेला. घरापासून पाच मिनिटांवर, रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर. धाकट्या बहिणीशी बोलत चालले होते, मागून बाईक आली, मागे बसलेल्याने हात घातला आणि फोन गेला, सगळं मिळून तीन-चार सेकंद असतील. मला साधं खरचटलंही नाही. पण बाईक दिसेनाशी झाल्यावरसुद्धा मी हात कानापाशी तसाच धरून उभी होते, बोटं अर्धवट मिटलेली, आणि पलीकडे बहिणीला फक्त माझं ओरडणं ऐकू आलं आणि मग काहीच नाही, त्यामुळे ती माझ्याहून जास्त हादरली, पुढचा तासभर तिला कळायला मार्गच नव्हता की ताई धड आहे की नाही.

फोनचं दुःख महिन्याभरात संपलं. फोटो गेले, नंबर गेले, ठीक आहे. जे संपलं नाही त्याबद्दल मला लिहायचंय. मागून बाईकचा आवाज आला की हात आपोआप पर्सवर जातो. रात्री कडी लावलीय हे पक्कं माहीत असतं तरी उठून परत बघून येते. अंधार पडला की तो रस्ता सोडून लांबच्या वळणाने जाते, दहा मिनिटं जास्त लागतात, वर्षभराची दहा-दहा मिनिटं धरा. चोराने फोन नेला तसं हेही नेलंच ना माझं? पण तक्रारीच्या कागदावर फक्त फोनचं मॉडेल आणि रंग लिहिलाय.

तक्रार द्यायला त्याच रात्री गेले होते. टेबलामागचे साहेब वर न बघता म्हणाले, "फोनवर बोलत चालला होतात का?" मी हो म्हटलं. "गाडीचा नंबर?" नाही बघितला. "मग आम्ही शोधायचं कुठे?" एवढं झाल्यावर चाळीस मिनिटं बाकावर बसवलं, तेवढ्यात ओळखीचा एक माणूस आला त्याचं काम पाच मिनिटांत झालं, आणि मी बाहेर पडले तेव्हा मलाच काहीतरी गुन्हा करून आल्यासारखं वाटत होतं. त्या साहेबांची ड्युटी किती तास चालू होती मला माहीत नाही, दिवसभरात अशा किती तक्रारी ऐकल्या असतील तेही नाही, आणि फोन सापडणं अवघड असतं हे मलाही कळतं. मी सापडायची आशा धरून गेलेच नव्हते. कुणीतरी सरळ बघून विचारावं की तुम्हाला लागलं तर नाही ना, एवढंच हवं होतं.

मग मी या विषयावर वाचत सुटले. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये वर्षभर एक प्रयोग झाला. पोलिसांचे पंधरा बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतले, पाच ठिकाणी गस्तीच्या गाड्या नेहमीसारख्या, पाच ठिकाणी दुप्पट-तिप्पट, आणि पाच ठिकाणी रोजची गस्त बंदच, बोलावलं तरच गाडी जायची. वर्षभराने बघितलं तर गुन्ह्यांत म्हणावा असा फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही, आणि गस्त कमी झाली की वाढली हे लोकांना फारसं जाणवलंसुद्धा नाही! काचा वर केलेली गाडी समोरून जाते, ती आपल्यासाठी गेली असं कुणाला वाटतच नाही.

आणि मग अमेरिकेतलंच न्यूअर्क शहर. तिथे १९७८-७९ मध्ये काही भागांत पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्त घालायला लावली. गुन्हे काही कमी झाले नाहीत. पण तिथल्या लोकांना जास्त सुरक्षित वाटायला लागलं, पोलिसांबद्दलचं मतही सुधारलं. यावर बरेच जण म्हणतात की ही तर नुसती समजूत, गुन्हे तेवढेच राहिले मग उपयोग काय. मला हे अजिबात पटत नाही. भीती हेच एक नुकसान आहे, ज्याला रोज दहा मिनिटं वळसा घालावा लागतो त्याला विचारा, आणि ते नुकसान एक माणूस रस्त्यावरून चालत गेल्याने कमी होत असेल तर ते काम पोलिसांचं नाही तर कुणाचं?

दुसरं एक वाक्य वाचून तर डोकंच फिरलं, ते म्हणजे भीती अवास्तव असते. हे येतं कुठून तर ब्रिटनमध्ये १९८२ पासून लोकांच्या घरी जाऊन विचारतात की तुमच्याबाबतीत काय काय घडलं, म्हणजे पोलिसांपर्यंत न पोचलेलंही मोजलं जावं. त्यात दिसतं की मारहाणीला सगळ्यात जास्त बळी पडतात तरुण मुलगे, आणि सगळ्यात जास्त घाबरतात बायका आणि म्हातारी माणसं. झालं, लगेच निष्कर्ष की यांची भीती उगाचची. अहो पण वीस वर्षांच्या मुलाला कुणी ढकललं तर तो कपडे झटकून उठेल, पंचाहत्तरीच्या माणसाला ढकललं तर खुब्याचं हाड मोडेल आणि तो परत स्वतःच्या पायाने बाहेर पडेलच असं नाही. आणि बायकांचं म्हणाल तर मागून हात आला त्या पहिल्या सेकंदाला मला फोन आठवलाच नव्हता, दुसरंच काहीतरी वाटून गेलं होतं, प्रत्येक बाईला कळेल काय ते. केनेथ फेरारो नावाच्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात हेच मांडलंय, बायकांच्या बाकी सगळ्या भीतींवर बलात्काराच्या भीतीची सावली असते. त्यात जी बाई घाबरून अंधारात बाहेरच पडत नाही तिच्याबाबतीत रस्त्यावर काही घडणार तरी कसं, आणि मग म्हणायचं हिला धोका कमी.

आणि घरातलं तर वेगळंच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरात सुमारे ८७ हजार बायका-मुलींचे खून झाले, त्यातले ५८ टक्के जोडीदाराने नाहीतर घरातल्याच कुणीतरी केलेले. आपल्याला मात्र लहानपणापासून शिकवलं जातं अंधारातल्या अनोळखी माणसाला घाबरायला. मीही तेच शिकले.

क्लिप्सचं पण सांगते. माझं हे झाल्यापासून घरच्या ग्रुपवर सीसीटीव्हीच्या क्लिप्स यायला लागल्या, काळजीपोटीच पाठवतात सगळे. आई प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत बघते आणि विचारते, "हे आपल्या इथलंच का गं?" कुठलं आहे, कधीचं आहे, काही लिहिलेलं नसतं. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून हिंसक गुन्हे खूप खाली आले, तरी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत जवळजवळ दरवर्षी बहुसंख्य लोक म्हणतात की देशात गुन्हे वाढलेत, आणि स्वतःच्या भागाबद्दल विचारलं की असं म्हणणारे कमी होतात. म्हणजे डोळ्यांनी बघतो त्याच्यापेक्षा स्क्रीनवर बघतो त्याची धास्ती जास्त. मी आता ग्रुपवर स्पष्ट लिहिलंय की तारीख आणि जागा माहीत असेल तरच टाका. दोघंजण रुसलेत, रुसू देत.

पण भीतीपेक्षाही मला जास्त छळलं ते त्या टेबलाने. टॉम टायलर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८४ मध्ये शिकागोत लोकांशी बोलून पोलिस-कोर्टाचा अनुभव विचारला होता. त्यांचं म्हणणं असं की आपलं काम झालं की नाही यापेक्षा आपल्याला बोलू दिलं का, मानाने वागवलं का, सगळ्यांना एकच नियम लावला का, यावर लोकांचं मत जास्त ठरतं. वाचताना मला तो बाक आठवला आणि तो ओळखीचा माणूस. उद्या माझ्यासमोर कुणाचं काही झालं तर साक्षीला मी पुढे येईन का, याचं उत्तर त्या रात्री ‘नाही’ असं होतं. पोलिसांना हे समजलं पाहिजे, कारण बहुतेक गुन्हे उलगडतात ते कुणीतरी येऊन सांगतं म्हणून.

बदलता येत नाही असंही नाही. जॉर्जिया देशात वाहतूक पोलिस म्हणजे लाचखोरी हे समीकरण होतं, तिथे २००५च्या सुमारास हजारो वाहतूक पोलिसांना एकदम घरी पाठवून नवीन भरती केली आणि पुढे काचेच्या भिंतींची पोलिस ठाणी बांधली, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं म्हणून. पोलिसांवरचा विश्वास तिथे खरंच वाढला. तिथल्या सरकारवर पुढे तुरुंगातल्या छळाचे गंभीर आरोपही झाले, ते विसरून चालणार नाही, पण मला ती काचेची भिंत आवडते.

माझ्याकडे काचेची भिंत नाही, एक फोन मात्र आला. तीन आठवड्यांनी, त्याच ठाण्यातून, एका महिला हवालदारांचा. म्हणाल्या, तुमचा फोन मिळालेला नाही, मिळेल असंही सांगत नाही, पण त्या रस्त्यावर अजून दोघांच्या तक्रारी आल्यात, तुम्हाला काही आठवलं तर सांगा. मग सहज विचारलं, "आता जाता का तिथून?" मी म्हटलं, नाही मॅडम, वळसा घालते. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी माझी ड्युटी त्याच बाजूला आहे, येऊन बघा." मी गेले. कोपऱ्यावर उभ्या होत्या, मी दिसल्यावर नुसती मान हलवली आणि माझ्यामागून वीसेक पावलं अंतर ठेवून चालत आल्या, पार दुसऱ्या टोकापर्यंत. सगळा रस्ता त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत मी चालले आणि एकदाही पर्सवर हात गेला नाही.

त्यानंतर आम्ही शेजारच्या चौदा जणांनी सह्या करून ठाण्यात अर्ज दिलाय. संध्याकाळी सात ते नऊ त्या रस्त्यावर पायी गस्त हवी, गाडी नको, आणि गस्तीवर कोण आहे त्यांचं नाव आम्हाला माहीत असू दे. न्यूअर्कचा प्रयोगही दोन ओळींत लिहिलाय. पोच मिळालीय, उत्तर यायचंय. तुमच्यापैकी कुणी असा अर्ज दिला असेल तर त्यात नक्की काय मागितलं आणि कितव्या फेरीला ऐकलं गेलं ते मला सांगा, पुढच्या सोमवारी मी परत विचारायला जाणार आहे.