आमची वाटचाल : राखेखालचा निखारा

सोलापुरात आमचं डीटीपीचं छोटं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, दवाखान्यांची पत्रकं, एवढाच धंदा. २०१८ मध्ये सासऱ्यांना टीबी झाला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोरीतून घाबरेघुबरे बाहेर आले. लघवी नारिंगी झाली होती. रक्त जातंय असं समजून ते गोळ्यांना हातच लावेनात. तो रंग रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा, त्याने अपाय होत नाही. दवाखान्यातून मिळालेल्या पत्रकात हे होतं, पण नवव्या ओळीत, बारीक टायपात. ते पत्रक मीच जुळवलं होतं.

त्याच आठवड्यात मी आणि ह्यांनी टीबीच्या रुग्णांसाठी चित्रं आणि गोष्ट असलेली नवी पुस्तिका करायला घेतली. तिचं पहिलं चित्र मोरीतलंच. अण्णांच्या डॉक्टरांनी ओळन् ओळ तपासून दिली.

खरी अडचण पुढे होती. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. मधेच खोकला थांबतो, अंगावर मांस धरतं आणि माणूस म्हणतो, आता कशाला गोळ्या? ‘कोर्स पूर्ण करा’ असं कितीही मोठ्या अक्षरात छापलं तरी ते त्याला पटत नाही. म्हणून गोष्टीत चूल आणली. जाळ विझलेला दिसतो, सून राखेवर कडबा टाकते आणि घटकाभरात पुन्हा भडका उडतो. सुस्त पडलेले जंतू असेच राखेखाली असतात. औषध अर्ध्यात सोडलं की ते उठतात, आणि काही वेळा त्याच औषधांना दाद देईनासे होतात.

आमच्या हातून एक मोठी चूकही झाली. दुसऱ्या पुस्तिकेत जंतूचा राक्षस केला. पोरांना तो फार आवडला. पण एका घरात आजीचं ताट वेगळं काढलं, नातू तिच्याजवळ जाईना. टीबी ताटवाटीतून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत जातो. सगळ्या प्रती परत मागवल्या. पैसे गेले, पण त्या आजीचं वाईट वाटलं ते अजून जात नाही.

तेव्हापासून छापण्याआधी गोष्ट रुग्णाला वाचून दाखवतो आणि त्यालाच घरच्यांना सांगायला लावतो. तो अडखळला की तेवढा भाग पुन्हा लिहायचा.

सध्या ‘तीन महिन्यांची साखर’ या तपासणीवर काम चाललंय. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडलं तर उपाशीपोटीची साखर कमी दिसेल, ही नाही दिसत. आम्ही ती उधारीच्या वहीसारखी मांडली. ऐकून एक किराणा दुकानदार म्हणाले, “म्हणजे काल पैसे भरले म्हणून मागची पानं कोरी होत नाहीत.” ते वाक्य जसंच्या तसं घेतलंय. डॉक्टरांची खूण झाली की पुस्तिका छपाईला जाईल.