बाराचा पाढा आणि थंड पाण्यातला बास

टेक्सासात आल्यावर पहिले दोन हिवाळे मी बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे घालवले आणि जवळपास रिकाम्या हातानेच घरी आले. पहिल्या हिवाळ्यात नऊ खेपा, एकही मासा नाही. दुसऱ्यात अकरा खेपा, दोन मासे, तेही वीतभर. वही अजून जपून ठेवली आहे: तारीख, पाण्याचं तापमान, वारा, काय लावलं, काय लागलं. शेवटच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. तिसऱ्या हिवाळ्यात ती रेघ मोडली. कशी मोडली ते लिहिते आहे, कारण उन्हाळ्यात हौसेने बास धरणारी आपली मंडळी नोव्हेंबर लागला की रॉड गॅरेजमध्ये टांगून ठेवतात, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

मी मूळची अलिबागच्या खारेपाटातली. घरामागच्या तळ्यात बाबा जिताड्याची पिल्लं सोडायचे, आणि सुट्टीत मला खाडीवर गरवायला न्यायचे. त्यामुळे लार्जमाउथ बास पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला जिताडाच आठवला. तोच भलामोठा जबडा, भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घ्यायची तीच रीत. मे-जूनमध्ये बास धरणं मला लवकर जमलं. गवताच्या कडेने आमिष खेळवायचं, तो आपणहून झडप घालतो. हाच माझा घोटाळा झाला. थंडीतही मी तसंच भराभर टाकत आणि भराभर ओढत राहिले, त्याच उथळ कोपऱ्यांत.

आमचं पाणी म्हणजे लेक फोर्क. डॅलसच्या पूर्वेला साधारण दीड तासावर, सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय. १९८० साली धरण झालं तेव्हा खोऱ्यातली झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली, म्हणून आजही पाण्यातून काळे वठलेले बुंधे वर आलेले दिसतात. टेक्सासचा लार्जमाउथ बासचा विक्रम इथलाच, १८.१८ पौंडांचा. तो मासा बॅरी सेंट क्लेअर यांनी धरला २४ जानेवारी १९९२ रोजी, म्हणजे ऐन थंडीत, आणि तोही क्रॅपी नावाच्या दुसऱ्या माशासाठी खोल पाण्यात सोडलेल्या छोट्या जिवंत माशावर. ही तारीख वाचली त्या दिवशी "थंडीत बास झोपतो" ही माझी समजूत गेली. झोपलेला मासा असं आमिषाला तोंड लावत नाही.

मग तो करतो काय? माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी ४८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या नऊ अंशांच्या आसपास आलं, की त्याचं पचन मंदावतं. एकदा पोट भरलं की पुढचे काही दिवस त्याला भुकेची घाई नसते. पाठलाग करून दमण्यात त्याचा तोटाच, म्हणून तो पाठलाग करत नाही. पण समोर, अगदी नाकापुढे, अर्धमेलं काहीतरी येऊन थांबलं तर ते सोडतही नाही. आणि अर्धमेलं खाणं त्याला या दिवसांत मिळतंच. इथे थ्रेडफिन शॅड नावाचा छोटा चंदेरी मासा थव्याने असतो, आपल्या पाला माशाच्या नात्यातला. पाणी पंचेचाळीस अंशांच्या खाली जायला लागलं की हा शॅड गारठून मरायला लागतो. एका कुशीवर होतो, थोडा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. बास खालून हे बघत असतो.

हे सगळं मला समजावलं ते आमच्या शेजारच्या गृहस्थांनी. वय पंचाहत्तरीच्या घरात, जन्म याच भागातला. माझी मुलं त्यांना "आजोबा" म्हणतात आणि तो शब्द त्यांनी मनापासून स्वीकारला आहे. त्यांची ॲल्युमिनियमची छोटी बोट आहे. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांनी मला अर्धा तास काठावरून टाकताना पाहिलं आणि म्हणाले, "तू मासा शोधत नाहीस, पाणी झाडून काढते आहेस." पुढच्या डिसेंबरात त्यांनी मला बोटीवर घेतलं.

आधी जागा शोधायची. शरद संपता संपता तलावाचं वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, सगळं पाणी ढवळून एकसारखं होतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. त्यामुळे बासला खोल जायला मोकळीक मिळते. आम्ही पुलाच्या भरावाला लागलो, जिथे दगडांची उतरण थेट जुन्या ओढ्याच्या पात्राकडे जाते. उथळ आणि खोल पाणी तिथे एकमेकांना लागून असतं. माशाला वर-खाली व्हायला दोन शेपट्या हलवाव्या लागतात, बस. त्यातही उत्तरेकडचा काठ बघायचा. उत्तरेचा बोचरा वारा तिथे अडतो आणि दक्षिणेकडून कललेलं ऊन दिवसभर दगडांवर पडतं. सकाळी ४७ दाखवणारं पाणी तिथेच दुपारी तीनला ५० दाखवतं. हे दोन-तीन अंश आपल्याला काहीच वाटत नाहीत. बासला वाटतात. तेव्हापासून मी पहाटे चारला उठून निघणं सोडलं, जेवूनच निघते.

आमिषाचं काम मात्र घरात, स्वयंपाकघरात झालं. थंडीत चालतो तो जर्कबेट, म्हणजे गळ लावलेला नकली मासा: बोटभर लांब, सडपातळ, झटका दिला की डावी-उजवी मुरड घेणारा आणि सोडला की पाण्यात आहे तिथेच थांबणारा. पण वेष्टनावर "थांबणारा" लिहिलेलं असलं तरी ते साध्या पाण्यात. गार पाणी जड असतं, त्यात तोच जर्कबेट हळूहळू वर यायला लागतो, आणि मरणारा शॅड सहसा असा सरळ वर तरंगत जात नाही. मी बादलीत पाणी घेतलं, त्यात बर्फ टाकत टाकत तापमापक ४८ वर आणला आणि जर्कबेट सोडला. आला वर. मधल्या गळाच्या दांडीला शिशाच्या बारीक तारेचे तीन वेढे दिले. नाक खाली करून बुडायला लागला. एक वेढा सोडला. आता तो आडवा, स्थिर, बादलीच्या मधोमध टांगल्यासारखा राहिला. अर्धा तास मी जमिनीवर बसून बघत होते. धाकटी येऊन विचारून गेली, "आई, मासा मेला का?" मला तेच ऐकायचं होतं.

आता राहिलं ते थांबणं. आजोबा म्हणाले, दोन झटके दे आणि वीस सेकंद काहीही करू नकोस. ऐकायला सोपं. पण गार वाऱ्यात, बधिर बोटांनी, वीस सेकंद फार लांब असतात. एक ते वीस मोजायला लागले की मी धावत मोजते, आठ सेकंदांत वीस होतात आणि हात आपोआप हलतो. म्हणून मी बाराचा पाढा धरला. शाळेत गुरुजी म्हणायला लावायचे तसा, सावकाश, हेल काढून. बारा दाहे होईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, हा नियम.

जानेवारीचा तिसरा शनिवार. चार दिवस हवा एकसारखी होती, हे महत्त्वाचं. उत्तरेचा गारठा नुकताच येऊन गेला आणि आभाळ लख्ख निळं झालं की पहिले दोन दिवस मासा तोंड उघडत नाही. आम्ही ठरल्यापेक्षा लवकर पोचलो, हवा अजून गोठणबिंदूखाली होती. रॉडच्या टोकाच्या कडीत बर्फ साचत होता. दहाच्या सुमाराला दोरी जड झाली. ओलं फडकं ओढावं तशी. थंडीत मासा बहुतेक वेळा असाच लागतो, झटका बसत नाही. मी रॉड कलता केला, मासा होता, चांगला होता. त्याने एक ओढ घेतली, दोरी सुटायला हवी होती, पण कडीतल्या बर्फात ती अडकली आणि तुटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. आजोबांनी काही न बोलता स्वतःच्या रॉडचं टोक पाण्यात बुडवून दाखवलं. पाणी बर्फापेक्षा ऊबदार असतं. दोन क्षणांत कडी मोकळी होते. नखाने खरवडलं तर कडीच्या आतली चकती फुटू शकते. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, तुम्हाला आता माहीत झालं.

दुपारी अडीचला ऊन दगडांवर स्थिरावलं. पाणी ४९. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर शॅडचा थवा ढगासारखा दिसत होता, बारा फुटांवर, आणि खाली दोन-तीन जाड रेघा. मी थव्याच्या पलीकडे टाकलं, जर्कबेट खोलीला नेला, दोन झटके दिले, दोरी सैल सोडली. बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. पाण्यावर पडलेल्या दोरीचा वाक मी बघत होते. बारा सक बाहात्तर. बारा साती चौऱ्याऐंशी म्हणत होते आणि तो वाक बोटभर आडवा सरकला. वारा नव्हता. हाताला काहीही जाणवलं नव्हतं, फक्त दोरी सरकली. मी हिसका दिला नाही, तिहेरी गळ हिसक्याने निसटतो. रॉड बाजूला, सलग ओढत नेला. समोरून जड, संथ डोकं हलल्याचं कळलं.

थंडीत बास उडी क्वचितच मारतो. तो तळाकडे रेटत राहतो. तीन-चार मिनिटांनी हिरवट पाठ वर आली. ओल्या हाताने मी खालचा ओठ धरला. हातमोजे काढले होते, कोरड्या मोज्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. एकवीस इंच, साडेपाच पौंड, पोट टम्म. अंग इतकं गार की माझी बोटं त्यापुढे ऊबदार वाटली. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, आणि गोठलेल्या हवेत डोळे-कल्ले लवकर बाधतात, म्हणून फोटो एकच, आणि लगेच पाण्यात. हातातून मासळी क्षणभर हलली नाही. मग शेपटीचा एक फटका आणि गेली.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. इतक्या गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटंच हातपाय नीट चालतात. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. लाइफ जॅकेट अंगावर, इंजिन बंद करणारी दोरी कमरेला, कोरडे कपडे पिशवीत, आणि एकटीने-एकट्याने जायचं नाही. आजोबा बोटीवर पाय ठेवण्याआधी माझा पट्टा स्वतः ओढून बघतात.

रात्री आठला मी घरी फोन लावला, तिकडे सकाळचे साडेसात. बाबा चहा पीत होते.

"सोडलीस?"

"सोडली, बाबा. कायदाच आहे तसा."

"बरं केलंस गो बाय. पोट भरलेलं म्हणतेस ना, गाभोळी धरत असेल."

तसंच असणार. मादीची अंडी हिवाळाभर वाढत असतात आणि पाणी साठ अंशांच्या वर सरकलं की वसंतात ती घातली जातात. बाबांनी बास कधी पाहिलेला नाही.

"पण लागली कशी? थंडीत आपला जिताडा पण तोंड बांधून बसतो."

मी त्यांना दोरी सैल सोडल्याचं सांगितलं आणि पाढा म्हणून दाखवला, तसाच सावकाश. बारा सक बाहात्तर. बारा साती चौऱ्याऐंशी.

"थांब," ते म्हणाले. "इथे?"

"हो बाबा, इथे."