फलाट बदलला की कोणाकोणाला कळवायचे?

दादरला गाडीचा फलाट बदलला की इंडिकेटर, उद्घोषणा आणि मोबाईल अ‍ॅप या तिघांनाही ते कळायला हवे. सरावासाठी लिहिलेल्या माझ्या जावा प्रोग्रॅममध्ये 'गाडी' हा क्लास या तिघांच्या मेथड (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) नावानिशी कॉल करत असे, त्यामुळे चौथा ऐकणारा आला की 'गाडी'चा कोड पुन्हा उघडावा लागे. 1994 साली चार लेखकांनी मांडलेल्या 23 डिझाइन पॅटर्नपैकी (प्रोग्रॅमच्या रचनेतल्या नेहमीच्या अडचणींवरच्या ठरलेल्या उकली) ऑब्झर्व्हर, म्हणजे निरीक्षक, नेमकी हीच गाठ सोडवतो: 'गाडी' फक्त निरीक्षकांची यादी बाळगते आणि बदल होताच प्रत्येकाची 'अपडेट' ही एकच मेथड कॉल करते, पलीकडे कोण आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

नोंदणी सगळेच करतात, नाव कमी करायला मात्र विसरतात. माझीही एक बंद केलेली स्क्रीन यादीत तशीच राहिली होती, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा तो रेफरन्स शिल्लक असल्याने वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिला हात लावेना. शिवाय 'अपडेट' चालू असतानाच एखादा निरीक्षक स्वतःचे नाव काढू लागला, तर साध्या अ‍ॅरेलिस्टवरचा (जावातल्या नेहमीच्या यादीवरचा) लूप एक्सेप्शन, म्हणजे चूक, देऊन मोडू शकतो. म्हणून मी दर बदलाला यादीची नवी प्रत करणारी कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट वापरतो. जावातला तयार 'ऑब्झर्व्हेबल' 2017 च्या नवव्या आवृत्तीपासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापर टाळावा असा, आहे (तो इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात एवढेच ठरवणारा करार, नसून क्लास आहे, ही त्याची जुनी खोड), तेव्हा चार ओळींचा स्वतःचा इंटरफेस मला अधिक सोयीचा वाटतो.