तिथीची पाऊणपट

रिटायर झाल्यावर पगार बंद होणार हे सगळ्यांना माहीत असतं. ८.१२ ची लोकल बंद होणार, याची तयारी मात्र कोणी केलेली नसते. दूध, पेपर, पासबुकावर एन्ट्री, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, एवढं सगळं उरकूनही घड्याळात साडेदहाच वाजलेले असतात. अशा माणसाला मुंबईच्या थंडीत एक नवं टाइमटेबल मिळू शकतं. ते समुद्राच्या भरतीचं आहे, गळ टाकून मासे धरण्यासाठीचं, आणि त्यातली गाडी रोज पन्नास मिनिटं लेट असते.

मिनेसोटाला मुलाकडे जानेवारी काढून आलेले लोक तिकडच्या म्हाताऱ्यांच्या गमती सांगतात. गोठलेल्या तळ्यावर चालत जायचं, गिरमिटाने आठ इंची भोक पाडायचं आणि उलट्या बादलीवर बसून त्यात गळ सोडायचा. काचेसारखा स्वच्छ बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, पांढुरका असेल तर दुप्पट हवा. पाणी चार अंशांना सर्वांत जड होतं, म्हणून तळाशी तेवढी ऊब टिकते आणि मासे जगतात. आपल्याकडे सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. तेव्हा इथे बर्फाचं काम एकच, मासळीच्या डब्यात पडून राहायचं. बाकी बादली, थर्मास, तीन-चार जुने मित्र आणि तासभर न बोलता बसण्याची मुभा, हे सगळं अगदी तसंच.

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायची वेळ काढायला कालनिर्णय पुरतं. मुंबईत तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पहाटेची तीच, संध्याकाळचीही साधारण तीच, कारण दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडं कमी अंतर असतं. अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चालायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. त्यातही गंमत अशी की पावसाळ्यात मोठी भरती दुपारी येते आणि हिवाळ्यात मध्यरात्री, पाच मीटरच्या आसपास. ती तरुणांना लखलाभ. अष्टमी ते एकादशी भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, चढउतार कमी. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढा वेळ गरी, म्हणजे गळाचा आकडा, पाण्यात असावी. म्हणजे एकादशीला सकाळी सव्वासहाला बसायचं, सव्वानवाला उठायचं. पेन्शनरला याहून सोयीची पाळी नाही.

आता अडचण. हिशोबाने सगळ्यात चांगली सकाळ नेमकी एकादशीला पडते. त्यात थंडीची सुरुवात म्हणजे मार्गशीर्ष, आणि बऱ्याच घरांत गुरुवारच काय, अख्खा महिना मासळी वर्ज्य. तेव्हा टोपली घेऊन दार वाजवण्याआधी पंचांग पुन्हा बघावं. मासा शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला देणं हा वांद्र्याचा रुळलेला तोडगा आहे.

सामान फार लागत नाही. महागडा रॉड पहिल्या वर्षी घेऊच नये, हातदोरी बरी. अर्ध्या मिलिमीटरचं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, शंभर मीटर, प्लास्टिकच्या फिरकीवर गुंडाळलेलं. खाली शिसं, त्याच्या वर हातभर अंतर ठेवून दोन गऱ्या, प्रत्येकी वीतभर आखूड दोरीवर. भांगाला पन्नास ग्रॅम शिसं पुरतं, उधाणाला शंभरही वाहून जातं. वांद्र्याला बँडस्टँडच्या कातळात शिसं अडकणार हे गृहीत धरायचं. म्हणून ते मुख्य दोरीपेक्षा बारीक तंगुसाने बांधतात. ओढलं की तेवढंच तुटतं, गऱ्या आणि मासा परत येतात. जाणते लोक तर शिसं आणतच नाहीत, गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग आणतात.

गाठ मारताना पाच वेढे द्यायचे आणि घट्ट करण्याआधी थुंकी लावायची. कोरडं तंगूस घासून तापतं, तिथेच कमजोर होतं, आणि मोठा मासा नेमका तिथूनच निसटतो. मग दिवसभर 'केवढा होता' यावर चर्चा. चाऱ्याला ताजी कोळंबी: डोकं काढून शेपटीकडून गरी आत घालायची, कोळंबीच्या बाकाबरोबर वळवायची, टोक पोटाकडून जेमतेम बाहेर. चिल्लर मासे टोचे मारून चारा पळवत असतील तर कवच काढू नये. फ्रीजरमधली मऊ पडलेली कोळंबी फेकतानाच गरीवरून सुटून जाते. घरी भाजीला आणलेल्या कोळंबीतून चार उचलणं हा वेगळ्या गुन्ह्याचा विषय.

दोरी तर्जनीवरून घ्यायची, ताण जेमतेम. ढोमा टुकटुक करतो. तांबोशी एकदम ओढते आणि सरळ कपारीत शिरते, तिला दोरी सैल दिली की संपलं. करकरा बाहेर काढला की खरोखर करकरतो, नाव त्यावरूनच. आणि शिंगाळा. हा सगळ्यांत जास्त लागतो, आणि याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. पकडीने गरी काढायची, तळहाताने कधीच नाही. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा, त्या विषाला उष्णता सोसत नाही. पाण्याचा अंदाज न दुखणाऱ्या हाताने घ्यावा. मधुमेह असेल तर नंतर डॉक्टरलाही दाखवावं, कारण तुटलेला काटा आत राहिला की पंधरा दिवसांनी त्रास देतो.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर: खिशात ग्लुकोज बिस्किटं हवीत आणि पायात पकड असलेले बूट. स्लिपर घालून शेवाळावर चालणारा माणूस मासा आणत नाही, प्लास्टर आणतो. कातळावर पाणी पुढून चढताना दिसतं, पण किनाऱ्याकडची पाठीमागची घळ आधी भरते, म्हणून दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायचं. चौघांत एकाला हेच काम द्यावं. बहुधा ज्याला सारखं लघवीला उठावं लागतं त्याला, तो उठतोच आहे. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, मात्र साठीनंतर उतरायचंच नाही. दोन ठोकळ्यांमधल्या फटीत गेलेला पाय सहजी निघत नाही.

मासा मिळाला की कल्ले आणि आतडी तिथेच काढायची, मग फोडलेला बर्फ माशाच्या वजनाइतका. खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये मासा. वितळलेलं पाणी डब्यात साचू द्यायचं नाही, त्यात मासा भिजत राहिला की चव जाते. घरी आल्यावर आधी फिरकी आणि पकड गोड्या पाण्याने धुवायची, मिठाने गरी दोन दिवसांत तांबडी होते. तंगूस बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर वाळत घालू नये. ते साडीत अडकतं, आणि मग उद्याची पन्नास मिनिटं उशिराची भरतीही चुकते.