आईचा हयातीचा दाखला आणि काउंटरवरचं ते यंत्र

बाबा रेल्वेत होते, त्यामुळे आईला फॅमिली पेन्शन. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. यंदा बँकेतून फर्मान निघालं, कागदी फॉर्म नको, अंगठा लावा. (कागदी दाखला बंद झालेला नाही. तुम्हाला असं सांगितलं तर हटून बसा.)

आईचे ठसे यंत्राला पटेनात. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, हात धुऊन या." धुऊन आली. "कोरडे करा." केले. मग "दाबू नका", लगेच "नीट दाबा". मागची रांग चुळबुळ करत होती. वय झालं की ठसे झिजतात, कातडी कोरडी पडते. पेन्शनच्या काउंटरवर दिवसभर म्हातारी माणसंच येतात, तिथे एवढंही माहीत नसावं? शेवटी "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या." सोमवारी पुन्हा तोच खेळ. चेहरा दाखवून दाखला निघतो ना, असं विचारलं तर "ते आमच्याकडे नाही." ही सोय २०२१ च्या नोव्हेंबरपासून आहे हो! पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "माझीच बोटं मेली खराब. मला नाही गं हे मोबाइलचं जमायचं." संताप आला तो याचा. दोष यंत्राचा आणि शरमिंदी ती. नंतर घरी शिकवताना सगळा वेळ गेला तो हे तिच्या डोक्यातून काढण्यात.

बाकी फोनवर चेहरा दाखवून दाखला काढायचं काम सोपं. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात, 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. दुसऱ्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. ते आतून चालतं. चेहरा दोनदा दाखवायचा, एकदा ऑपरेटर म्हणजे ॲप चालवणारी म्हणून, एकदा पेन्शनर म्हणून. दोन्ही आईच. फोन तिच्याच हातात ठेवला, मी फक्त बोलत होते. पुनर्विवाह झाला आहे का, हा प्रश्न आला तशी ती जी हसायला लागली, तिथेच तिची भीती गेली बहुतेक.

उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. हात थरथरतो म्हणून फोन पिठाच्या डब्याला टेकवला. डोळ्यांची उघडझाप सावकाश करायची. आणि हे आधी सांगायला हवं होतं: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, पासबुक आणि आधार आधीच समोर काढून ठेवा, मध्येच उठून कपाट शोधू नका.

प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला म्हणजे सगळं झालं असं नाही. पीपीओ किंवा खाते नंबर चुकला तर दाखला नाकारला जातो, म्हणून काही दिवसांनी 'जीवन प्रमाण'च्या वेबसाइटवर तपासा. फोन जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ७० रुपयांत. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दी टळते. 'दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आईला आलाच होता, तिने ठेवला.

डिसेंबरातही पेन्शन जमा झाली. दाखल्यासाठी त्या काउंटरवर आता जायचं नाही असं मी ठरवलंय. आई मात्र पासबुक भरायला तिथेच जाते, म्हणते तेवढ्याच ओळखी होतात.